'थांबा' म्हणण्याचा अधिकार

कैगा हे ठिकाण आम्हा सीमावासीयांना दूरचे नाही. कारवार तालुक्यात, काळी नदीच्या काठी, कद्रा धरणाच्या परिसरात उभ्या असलेल्या ह्या अणुविद्युत् केंद्रात आज प्रत्येकी २२० मेगावॅटच्या चार भट्ट्या आहेत, आणि प्रत्येकी ७०० मेगावॅटच्या आणखी दोन भट्ट्यांचे काम हाती घेण्यात आले आहे. ज्या कारवार-सुपे-हल्याळचा उच्चार आपल्या प्रत्येक ठरावात होतो, त्याच मुलखातले हे केंद्र. त्याविषयी आपल्याकडे दोन प्रकारचे बोलणे ऐकू येते. 'आमच्या मुलांना तेथे नोकऱ्या द्या' हे एक, आणि 'हे संकट आमच्याच माथी का' हे दुसरे. दोन्ही म्हणणी रास्त आहेत. परंतु तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ही भट्टी चालू द्यावी की थांबवावी, हे ज्या पंक्तीत बसून ठरते त्या पंक्तीत आमचा मुलगा, आमची मुलगी का नसावी?

ती पंक्ती म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झालेल्या ह्या मंडळाचे मुख्य कार्यालय मुंबईस अणुशक्तीनगरात आहे. अणुकेंद्राची जागा निवडणे, बांधकाम, चाचण्या, प्रत्यक्ष वीजनिर्मिती आणि अखेरीस आयुष्य संपलेल्या भट्टीची विल्हेवाट, ह्या प्रत्येक पायरीवर मंडळाची परवानगी लागते. चालू भट्टीचा परवानाही कायमचा नसतो. तो जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो, आणि दर दहा वर्षांनी साऱ्या केंद्राची समूळ फेरतपासणी होते. वीज निर्माण करणाऱ्याने सुरक्षिततेचा पुरावा सादर करावयाचा आणि परवाना देणाऱ्याने त्या पुराव्यातील कच्चा दुवा शोधावयाचा, अशी ही रीत आहे. न्यायालयात वादी-प्रतिवादी असतात तसेच काहीसे. फरक इतकाच, की येथे निकाल चुकला तर अपिलास जागा उरत नाही.

हे काम म्हणजे निव्वळ कागदांवर शिक्के उठविणे, असा समज आपल्या सुशिक्षित घरांतूनही आहे. तो दूर करावयास कैग्याचाच इतिहास पुरेसा आहे. १३ मे १९९४ रोजी तेथील पहिल्या भट्टीच्या बांधकामाधीन घुमटाचा आतला भाग कोसळला. घुमट आवळून धरणाऱ्या पोलादी केबलींच्या ओढीने काँक्रीटचे थर एकमेकांपासून सुटले आणि शंभर टनांहून अधिक काँक्रीट खाली आले. अपघात घडला तर किरणोत्सर्ग बाहेर पडू नये म्हणून जो घुमट बांधावयाचा, तोच ढासळला! सुदैव इतकेच, की भट्टीत त्या वेळी इंधन भरलेले नव्हते. काम थांबले, चौकशा झाल्या, आराखडा बदलला, घुमट नव्याने उभा राहिला. ह्या साऱ्यात वर्षे गेली, आणि पहिल्या क्रमांकाची भट्टी दुसऱ्या क्रमांकाच्या मागून, २००० साली सुरू झाली. पण हीच भट्टी पुढे २०१८ च्या अखेरपर्यंत सलग ९६२ दिवस अखंड चालली आणि तिने त्या वेळचा जागतिक विक्रम केला. ज्यांना वेळेवर थांबविले जाते त्यांनाच पुढे न थांबता चालता येते, हा ह्या घटनेचा बोध आहे.

दुसरे उदाहरणही कैग्याचेच आहे. २००९ च्या नोव्हेंबरात तेथील पिण्याच्या पाण्याच्या एका कूलरमध्ये ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळले गेले, आणि अनेक कामगारांच्या शरीरात ते गेले. हे उघडकीस आले ते कामगारांच्या लघवीच्या नेहमीच्या तपासणीतून. कोणी मोठा शोध लावला नाही. ठरल्या दिवशी नमुने घेण्याचा आणि वहीत नोंद करण्याचा नियम कोणीतरी कंटाळा न करता पाळला, म्हणून हा प्रकार दडून राहिला नाही. किरणोत्सर्गाच्या कामातील माणसाला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्टहून अधिक मात्रा मिळू नये आणि सामान्य नागरिकाला १ मिलिसीव्हर्टहून अधिक मिळू नये, अशी मर्यादा आहे. कागदावरच्या ह्या मर्यादेला खरा अर्थ देणारा माणूस म्हणजे नोंद ठेवणारा आणि नोंद तपासणारा.

आता हा व्यवसाय कोणासाठी आहे ते पाहू. यंत्र, विद्युत्, स्थापत्य, रसायन, इलेक्ट्रॉनिक्स आणि धातुशास्त्र ह्या शाखांचे अभियंते, तसेच पदार्थविज्ञान व रसायनशास्त्राचे पदव्युत्तर पदवीधर ह्यांना येथे वाव आहे. तुर्भ्याच्या प्रशिक्षण शाळेची परंपरा १९५७ सालापासूनची आहे. गेट परीक्षेतील गुण किंवा लेखी चाळणी व त्यानंतर मुलाखत, ह्या वाटेने तेथे निवड होते आणि वर्षभराच्या शिक्षणानंतर अणुऊर्जा खात्याच्या निरनिराळ्या संस्थांत नेमणुका होतात. परवाना मागणाऱ्या बाजूसही अशी माणसे लागतात. सुरक्षा अहवाल लिहिणारे, गुणवत्तेची हमी तपासणारे, किरणोत्सर्गाचे मोजमाप करणारे सारे त्यांतच येतात. नियंत्रण कक्षात बसणाऱ्या अभियंत्यालाही परीक्षा देऊन परवाना मिळवावा लागतो, आणि ठरावीक मुदतीने तो पुन्हा सिद्ध करावा लागतो. डिप्लोमा, बी. एस्सी. वा आय. टी. आय. झालेल्या मुलांसाठी अणुवीज महामंडळाची विद्यावेतनासह प्रशिक्षणाची दारे वेगळी आहेत.

शिवाय हा विषय एकट्या कैग्यापुरता नाही. बेळगाव, निपाणी, खानापूर येथील रुग्णालयांतील क्ष-किरण आणि सी. टी. यंत्रे ह्याच मंडळाच्या नियमांखाली येतात. कर्करोगावरील किरणोपचाराच्या जागी किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी असावाच लागतो. सांधे जोडलेल्या पोलादी नळांची तपासणी करणारे किरणोत्सर्गी स्रोत, लासलगावचे कांद्यावर किरणप्रक्रिया करणारे केंद्र, हे सारे त्याच कक्षेत मोडते. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात काय घडले ते आठवावे. विद्यापीठात वर्षानुवर्षे वापराविना पडून असलेले कोबाल्टचे उपकरण लिलावात भंगार म्हणून विकले गेले. एका कामगाराचा जीव गेला, आणखी काही जणांना इजा झाली. यंत्र विकत घेणाऱ्यांची पिढी निवृत्त झाली होती आणि त्याचा हिशेब ठेवणारे कोणी राहिले नव्हते. भंगाराचा धंदा आपल्याही शहरांत चालतो, हे विसरून चालणार नाही.

यावर एक आक्षेप हमखास येईल. नियामकच जर सरकारच्या मुठीत असेल, तर आमच्या मुलाने तेथे जाऊन काय साधणार? आक्षेप पोकळ नाही. जपानात २०११ साली फुकुशिमाचा अपघात झाला. तो मानवनिर्मित होता, असा निष्कर्ष जपानी संसदेच्या स्वतंत्र चौकशी आयोगाने २०१२ साली काढला; आणि नियामक हे ज्यांच्यावर नजर ठेवावयाची त्यांच्याच कह्यात गेले होते, हे स्पष्टपणे नोंदविले. अणुविजेचा पुरस्कार करणाऱ्या मंत्रालयाखालीच तेथे नियामक बसविलेला होता. आपल्याकडेही मंडळ १९८३ साली सरकारी आदेशाने जन्मले, आणि ज्या अणुऊर्जा आयोगाला ते उत्तरदायी राहिले त्याचे अध्यक्ष अणुऊर्जा खात्याचेच सचिव. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२ साली ह्याच उणिवेवर बोट ठेवले होते. २०११ साली स्वतंत्र प्राधिकरणासाठी आणलेले विधेयक लोकसभेची मुदत संपताच गळून पडले. पुढे २०२५ च्या डिसेंबरात संसदेने 'शांती' कायदा संमत केला. त्याने १९६२ चा अणुऊर्जा कायदा मागे सारला, खासगी कंपन्यांना अणुवीजनिर्मितीचे दार उघडले आणि नियामक मंडळाला कायद्याचे अधिष्ठान देऊ केले.

ह्या बदलाचा अर्थ नीट ध्यानी घ्यावा. २०२५ साली देशाची अणुवीजक्षमता नऊ हजार मेगावॅटच्या आतच होती. २०४७ पर्यंत ती एक लाख मेगावॅट करण्याचे लक्ष्य सरकारने ठेवले आहे. भट्ट्या वाढणार, मालक वाढणार, नफ्याची घाईही वाढणार. मग तपासणारे वाढावयास नकोत काय? कायद्याने कणा दिला तरी ताठ उभे राहणे माणसांच्याच हाती असते. संस्था परावलंबी आहे म्हणून चांगल्या माणसांनी तिच्याकडे पाठ फिरविली, तर ती कायमचीच परावलंबी राहील.

विरोध करणाऱ्यांच्या वाट्याचे श्रेयही नाकारता येणार नाही. कन्नडचे थोर साहित्यिक शिवराम कारंत यांनी कैग्याच्या विरोधात उतारवयात आवाज उठविला आणि १९८९ साली त्या भागातून लोकसभेची निवडणूकही लढविली. भाषेच्या प्रश्नात आपली बाजू वेगळी असली, तरी काळी नदीच्या काठच्या माणसांसाठी झटणाऱ्याचा आदर करण्यात आम्हांस संकोच वाटत नाही. किरणोत्सर्गाला मराठी-कन्नड भेद कळत नाही. पण मैदानातील प्रश्नकर्त्याला आतल्या खोलीत प्रश्न विचारणारा जाणकार भेटला, तरच त्या प्रश्नाची नोंद होते.

आता आपल्या मुलांविषयी. कर्नाटक राज्याच्या नोकऱ्यांत कन्नडच्या अटीमुळे मराठी मुलांची कशी कुचंबणा होते, हे येथील घराघरांस ठाऊक आहे. अणुऊर्जेच्या ह्या परीक्षा केंद्राच्या आहेत. तेथे ती अट आड येत नाही. अडचण आहे ती इंग्रजीची. मराठी माध्यमातील मुलगा गणितात मागे नसतो, पण तांत्रिक इंग्रजीसमोर बिचकतो. ही अडचण दोन वर्षांच्या शिस्तीने दूर होण्यासारखी आहे. बेळगावात तांत्रिक विद्यापीठाचे मुख्य ठाणे आहे, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, आपल्या शिक्षणसंस्था आहेत, वाचनालये आहेत. ह्या संस्थांनी गेटच्या अभ्यासाचे वर्ग आणि तांत्रिक इंग्रजीचे मार्गदर्शन चालविले, तर त्यास फार मोठा निधी लागणार नाही. उद्यमबागेतील कारखानदारांनीही ह्यात लक्ष घालावे. अणुकेंद्रास लागणाऱ्या एका झडपेमागेही ओतकामापासून चाचणीपर्यंतची प्रमाणपत्रे जावी लागतात, आणि ती शिस्त अंगी असलेल्या कारागिराला कोठेही मागणी असते.

दुसरी सूचना चळवळीला आहे. अणुकेंद्राभोवतीच्या १६ किलोमीटरच्या टापूसाठी आणीबाणीची योजना आखलेली असते. संकटात कोठे जमावयाचे, घरात कधी थांबावयाचे, आयोडिनची गोळी कोणी केव्हा घ्यावयाची, हे लोकांना आधी समजले पाहिजे. जेथे भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण १५ टक्के वा अधिक असते, तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे तत्त्व फार पूर्वीपासून मान्य आहे. तेव्हा ह्या सूचना कन्नडबरोबर मराठीत व कोकणीतही मिळाव्यात, ही मागणी परवान्याच्या प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी लेखी स्वरूपात मंडळाकडे गेली पाहिजे. न समजणाऱ्या भाषेतील इशारा हा इशाराच नव्हे.

सीमाप्रश्नाचा लढा आपण १९५६ पासून लढत आलो. निवेदने, दाखले, जनगणनेचे आकडे, महाजन आयोगापुढील साक्षी, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयातील दावा, ह्या साऱ्यांतून एक गोष्ट आपण शिकलो. पुरावा नीट मांडला नाही तर सत्यही हरते. कागद वाचण्याची, त्यातील खोट पकडण्याची आणि वर्षानुवर्षे पिच्छा न सोडण्याची सवय ज्या समाजाच्या हाडीमासी खिळली आहे, त्याच्या मुलांना हा व्यवसाय परका वाटण्याचे कारण नाही. ही नोकरी म्हणजे लढ्यातून काढलेला पळ, असेही कोणी म्हणू नये. काळीकाठच्या गावांची राखण करावयाची, तर ती राखण भट्टीच्या कुंपणाबाहेरून पुरी होत नाही. येत्या परीक्षेचे अर्ज निघतील, तेव्हा सीमाभागातील निदान शंभर मुला-मुलींनी ते भरलेले असावेत, आणि त्यांची तयारी करून घेण्याचा भार आपल्या संस्थांनी आजच उचलावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.