विश्लेषण : पॉप संगीतातील ‘नवे’ तारे खरेच नवे आहेत का?

लॉस एंजेलिस येथे २ फेब्रुवारी २०२५ रोजी झालेल्या ६७ व्या ग्रॅमी सोहळ्यात ‘सर्वोत्तम नवोदित कलाकार’ हा पुरस्कार चॅपल रोन या गायिकेला मिळाला. तिने मंचावरच वही उघडून भाषण वाचले आणि ध्वनिमुद्रण कंपन्यांकडे थेट मागणी केली, की घडत्या वयातील कलाकारांना जगता येईल इतके वेतन आणि आरोग्य विमा द्या. ‘नवोदित’ म्हणून गौरवल्या गेलेल्या या गायिकेचा पहिला करार २०१५ चा आहे. तिच्या बरोबरीने नामांकन मिळालेल्या बहुतेकांची कथाही अशीच. मग पॉपमध्ये ‘नवा’ म्हणायचे कुणाला आणि नावारूपाला येईपर्यंतच्या काळात या कलाकारांचे काय होते?

चॅपल रोनचा प्रवास कसा झाला?

अमेरिकेतील मिझुरी राज्यातल्या विलर्ड या लहान गावात १९९८ मध्ये जन्मलेल्या या मुलीशी अटलांटिक रेकॉर्ड्सने करार केला, तेव्हा ती १७ वर्षांची होती. एप्रिल २०२० मध्ये ‘पिंक पोनी क्लब’ हे गाणे आले. वेस्ट हॉलीवूडमधील समलिंगी समुदायाच्या क्लबमध्ये तिला आलेल्या मोकळेपणाच्या अनुभवातून ते सुचले होते. पण करोनामुळे जगभरचे क्लब बंद असताना नाचाचे गाणे ऐकणार कोण? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीने करार संपवला. ती गावी परतली आणि एका ड्राइव्ह-थ्रू दुकानात नोकरी करू लागली.

ऑलिव्हिया रॉड्रिगोच्या गाण्यांचे निर्माते डॅन निग्रो यांच्यासोबत तिने पुन्हा सुरुवात केली. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘द राइज अँड फॉल ऑफ अ मिडवेस्ट प्रिन्सेस’ हा पहिला अल्बम आला. तोही आल्या आल्या गाजला नाही. २०२४ च्या सुरुवातीला रॉड्रिगोच्या दौऱ्यात मुख्य कार्यक्रमाआधी गाण्याची संधी, एप्रिलमध्ये कोचेला महोत्सव आणि त्याच महिन्यात ‘गुड लक, बेब!’ हे गाणे, अशी साखळी जुळली. ऑगस्टमध्ये शिकागोच्या लोलापलूझा महोत्सवात तिच्यासाठी अफाट गर्दी लोटली. मार्च २०२५ मध्ये तर पाच वर्षांपूर्वी दुर्लक्षित राहिलेले ‘पिंक पोनी क्लब’ ब्रिटनच्या अधिकृत यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. गाण्यात एका शब्दाचाही बदल झाला नव्हता.

‘नवोदित’ची व्याख्या काय?

ग्रॅमीच्या दृष्टीने नवोदित म्हणजे पहिले गाणे गाणारा नव्हे, तर त्या पात्रता वर्षात जनमानसात ठळकपणे पोहोचलेला कलाकार. त्यामुळे घोळ होत आले आहेत. २००१ मध्ये शेल्बी लिन हिला हा पुरस्कार मिळाला, तेव्हा तिचा सहावा अल्बम आला होता. उलट लेडी गागा आधीच एका गाण्यासाठी नामांकित झालेली असल्यामुळे २०१० मध्ये या गटात अपात्र ठरली आणि पुढे नियम बदलावा लागला.

२०२५ च्या यादीत चॅपल रोनखेरीज सब्रिना कारपेंटर, डोची, रे, शबूझी, बेन्सन बून, टेडी स्विम्स आणि ख्रुआंगबिन हे सात जण होते. ख्रुआंगबिन हा वाद्यवृंद २०१० पासून कार्यरत आहे. सब्रिना कारपेंटरचा पहिला अल्बम २०१५ चा. ज्या ‘शॉर्ट एन स्वीट’मुळे ती जगभर गाजली, तो सहावा. याचा अर्थ पुरस्कार चुकीचा असा नाही. ‘नवे’ हे विशेषण कलाकारापेक्षा श्रोत्यांना लागू आहे, इतकेच. नवीन असतो तो आपला कान.

या कलाकारांची कोणती गाणी ऐकावीत?

पॉपच्या चाहत्याला २०२४ हे वर्ष खूप काही देऊन गेले. त्यातले सर्वात टिकाऊ गाणे ‘गुड लक, बेब!’ वाटते. आपले एका स्त्रीवर प्रेम आहे, हे स्वतःशीही कबूल न करणाऱ्या मैत्रिणीला उद्देशून ते आहे. ऐंशीच्या दशकातील सिंथेसायझरचा बाज, हळूहळू वर चढत जाणारा आवाज आणि शेवटी मंदावत जाणारी लय यांमुळे राग आणि दुःख एकाच वेळी ऐकू येतात. गायिकेच्या आवाजाची ताकद दाखवण्यासाठी ते रचलेले नाही. गोष्टीला गरज असते तिथेच आवाज फुटतो.

सब्रिना कारपेंटरचे ‘एस्प्रेसो’ याच्या अगदी उलट. तीन मिनिटांहूनही कमी लांबी, डिस्कोचा ठेका आणि स्वतःचीच थट्टा करणारा मिश्कील सूर. हलकेफुलके गाणे लिहिणे सोपे, असा समज असतो, तो हे गाणे खोटा ठरवते. मात्र तिची खरी उडी ‘प्लीज प्लीज प्लीज’मध्ये दिसते. तिथे विनोदाखाली भीती आहे.

रे या ब्रिटिश गायिकेचे ‘एस्केपिझम’ थोडे जुने, २०२२ चे. पण ‘नवे’पणाची चर्चा त्याशिवाय अपुरी राहील. मध्येच चाल बदलणारे, अंधारे, अवघड गाणे. कोणत्याही कंपनीच्या बैठकीत ‘हे चालणार नाही’ म्हणून बाजूला ठेवले गेले असते, असे. डोचीचा ‘अ‍ॅलिगेटर बाइट्स नेव्हर हील’ सलग ऐकावा. तिची विनोदबुद्धी आणि रॅपवरची पकड दोन्ही पक्की आहेत. सर्वोत्तम रॅप अल्बमचा ग्रॅमी मिळवणारी ती लॉरिन हिल आणि कार्डी बी यांच्यानंतरची तिसरी स्त्री ठरली.

शबूझीचे ‘अ बार साँग’ हे कंट्री आणि हिप-हॉपचे झकास मिश्रण आहे. ते अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत १९ आठवडे अव्वल राहिले आणि लिल नास एक्सच्या ‘ओल्ड टाउन रोड’च्या विक्रमाशी बरोबरी झाली. बेन्सन बूनचे ‘ब्यूटिफुल थिंग्ज’ जगभर वाजले, पण आधी कुजबुज आणि मग एकदम आकांत ही युक्ती तिसऱ्यांदा ऐकताना ओळखीची होते. लोकप्रियता आणि टिकाऊपणा यांत फरक असतो, तो इथे जाणवतो.

गाणे पोहोचायला इतका वेळ का लागतो?

पूर्वी रेडिओ आणि संगीतवाहिन्या हे दोन-तीन मोठे दरवाजे होते. ते उघडले की गाणे एका आठवड्यात घराघरांत जाई आणि नाही उघडले तर संपून जाई. आता स्ट्रीमिंगमध्ये जुने गाणे आणि नवे गाणे शेजारी-शेजारी असतात. एखादी छोटी चित्रफीत, एखादा महोत्सव, एखाद्या मोठ्या गायिकेचा दौरा यांपैकी काहीही जुन्या गाण्याला पुन्हा जिवंत करू शकते. टेडी स्विम्सचे ‘लूज कंट्रोल’ जून २०२३ मध्ये आले आणि बिलबोर्डच्या शिखरावर पोहोचले मार्च २०२४ मध्ये, म्हणजे नऊ महिन्यांनी.

ही कलाकारांच्या दृष्टीने चांगली बातमी आहे, पण अर्धीच. गाण्याला वाट पाहता येते, माणसाला घरभाडे दर महिन्याला भरावे लागते. कंपन्यांचे हिशेब अजूनही तिमाहीचे आणि गाण्याची वाटचाल मात्र वर्षांची, ही खरी विसंगती आहे.

करार असूनही पैसे का मिळत नाहीत?

करार करताना कंपनी कलाकाराला आगाऊ रक्कम देते. आपल्याकडे ऊसतोड मजुराला मुकादमाकडून मिळते, त्या उचलीसारखाच हा प्रकार. समजा, ५० हजार डॉलरची उचल मिळाली आणि गाण्यांच्या कमाईत कलाकाराचा वाटा २० टक्के ठरला. गाण्यांनी दोन लाख डॉलर कमावले, तर कलाकाराच्या वाट्याला ४० हजार येतात. पण ते हातात पडत नाहीत, उचलीपोटी वळते होतात. कंपनीने एक लाख ६० हजार घेतल्यावरही कलाकाराच्या नावावर १० हजारांची बाकी दिसते. ध्वनिमुद्रण आणि चित्रफितीचा खर्चही बहुधा याच खात्यावर टाकला जातो.

मजुराच्या उचलीपेक्षा फरक एवढाच, की करार संपला तर ही बाकी सहसा कलाकाराच्या खिशातून वसूल होत नाही. पण ध्वनिमुद्रणाचे हक्क बहुतेक करारांत कंपनीकडेच राहतात. रेचे उदाहरण बोलके आहे. २०१४ मध्ये चार अल्बमचा करार होऊनही आपल्याला एकही अल्बम काढू दिला जात नसल्याची तक्रार तिने २०२१ मध्ये जाहीरपणे केली. कंपनीपासून वेगळी होऊन तिने स्वतंत्रपणे काढलेले ‘एस्केपिझम’ जानेवारी २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये अव्वल ठरले. पुढच्या वर्षी तिने एकाच रात्रीत सहा ब्रिट पुरस्कार जिंकून विक्रम केला.

आरोग्य विम्याचा मुद्दा इतका महत्त्वाचा का?

अमेरिकेत नोकरदार वयातील बहुतेकांचा आरोग्य विमा नोकरीला जोडलेला असतो. गायक मात्र कायद्याने कंपनीचा कर्मचारी नसतो. त्यामुळे मालकाकडून मिळणारा विमा त्याला आपोआप लागू होत नाही. अल्पवयात करार झाल्यामुळे दुसऱ्या कामाचा काहीच अनुभव नव्हता, करार गेला तेव्हा करोनाकाळात नोकरी मिळणे कठीण होते आणि विमा परवडत नव्हता, असे चॅपल रोनने भाषणात सांगितले. कंपनीने कलाकारांना मोलाचे कर्मचारी मानावे, हा तिच्या म्हणण्याचा गाभा.

यावर टीका काय झाली?

संगीत उद्योगातील माजी अधिकारी जेफ रॅबन यांनी ‘द हॉलीवूड रिपोर्टर’मधील लेखात तिच्यावर टीका केली. कंपनी आधीच उचल देते, ती काही मालक नव्हे, आणि एवढी कळकळ असेल तर स्वतःचे पैसे घाला, असा त्यांचा रोख होता. त्यावर तिने अडचणीतील कलाकारांसाठी आपण २५ हजार डॉलर देतो, तुम्हीही तेवढेच द्या, असे आव्हान दिले. चार्ली एक्ससीएक्स आणि नोआ काहान या गायकांनी प्रत्येकी तेवढीच रक्कम दिली.

टीकेत एक मुद्दा दुर्लक्षून चालणार नाही. कंपन्या अनेकांवर पैसे लावतात आणि त्यांपैकी थोडेच चालतात. प्रत्येकाला कर्मचारी केले तर करारांची संख्या घटेल आणि नवख्यांची दारे आणखी बंद होतील. पण मोठे यश मिळाल्यावर तोटा भरून काढण्याची सोय कंपनीकडे असते, तशी एकट्या कलाकाराकडे नसते. शिवाय करार संपल्यावर ठरावीक काळ विमा चालू ठेवणे, अल्पवयीनांशी करार करताना किमान मासिक रक्कम ठरवणे असे मधले मार्गही आहेत. देणग्यांनी काही कलाकारांचे काही महिने निभावतील. व्यवस्था मात्र करारातील कलमांनीच बदलेल.

आपल्याकडे काय स्थिती आहे?

मुंबईत २०२३ पासून महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा भरतो आहे. मराठीत संजू राठोडचे ‘गुलाबी साडी’ २०२४ मध्ये रील्सच्या लाटेवर महाराष्ट्राबाहेर गेले. म्हणजे नव्या गायकाला दार मिळते आहे. पण सुरक्षिततेचा प्रश्न इथेही तोच. राज्यात ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी मानधन योजना आहे, ती गरजेचीही आहे. मात्र ती उतारवयातील कलावंतांसाठी. विशीतला गायक, ढोलकीवादक किंवा ध्वनिसंयोजक आजारी पडला, तर त्याच्या मागे सहसा कुटुंब आणि मित्रच असतात.

चाहत्यांच्या हातात यातले फार थोडे आहे, पण काहीच नाही असे नाही. तिकीट काढून लहान कार्यक्रमाला जाणे आणि न गाजलेल्या गायकाचा अल्बम पूर्ण ऐकणे यांचा उपयोग होतो. ‘पिंक पोनी क्लब’ २०२० मध्ये जितके चांगले होते, तितकेच २०२५ मध्येही होते. फरक इतकाच, की मधली पाच वर्षे ती गायिका टिकून राहू शकली. जे टिकू शकले नाहीत, त्यांची गाणी आपण ऐकलेलीच नाहीत.