तगरनगरीचा वारसा आणि माळ्यावरच्या वह्या

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे तेरणा नदीच्या काठी वसलेले गाव. संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून वारकरी संप्रदायात ते पूज्य मानले जाते. व्यापारी समाजाच्या दृष्टीनेही या गावाचे महत्त्व थोडे नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक नाविकाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात दक्षिणेतील ज्या दोन प्रमुख बाजारपेठांचा उल्लेख आहे, त्यांपैकी एक पैठण आणि दुसरी तगर. तगर म्हणजेच आजचे तेर. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील या नगरातून जाडेभरडे कापड आणि तलम वस्त्रे गाड्यांत भरून बिकट वाटांनी भडोच बंदरास जात, असे त्यात म्हटले आहे. पुढे कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करणारे शिलाहार राजे ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद अभिमानाने मिरवीत.

एवढे वैभव असूनही हे नगर कोठे होते, याचा कालांतराने विसर पडला. एकोणिसाव्या शतकातील विद्वान त्याचा शोध देवगिरीपासून जुन्नरपर्यंत घेत राहिले. १९०१ साली फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर हे सप्रमाण दाखवले. ज्या नगराचे नाव सातासमुद्रापार पोहोचले होते, त्याचा ठावठिकाणा मात्र कागदांतून आणि शिलालेखांतून नव्याने शोधावा लागला.

हा वारसा पुढे टिकला, त्याचे मोठे श्रेय तेरचेच रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांना जाते. गावाभोवतीच्या पांढरीच्या टेकाडांतून मणी, नाणी, मृण्मूर्ती आणि शंखाच्या बांगड्यांचे तुकडे वर येत. इतरांना किरकोळ वाटणाऱ्या या वस्तू लामतुरे यांनी आयुष्यभर जमवल्या आणि अखेर तो सारा संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. त्यांच्याच नावाचे वस्तुसंग्रहालय आज तेरमध्ये आहे. तेथील हस्तिदंती स्त्रीप्रतिमेचे इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या भारतीय प्रतिमेशी असलेले साम्य अभ्यासकांनी नोंदवले आहे. चापेकर यांनी १९५८ साली तेर येथे उत्खनन केले. शास्त्रीय संशोधनाला गावातील एका माणसाच्या चिकाटीची अशी जोड मिळाली. जमवलेले सर्वांसाठी देऊन टाकणे, हा अपरिग्रहाचाच एक आचार होय.

जैन परंपरेशीही या भूमीचे नाते जुने आहे. अकराव्या शतकातील कनकामर मुनींच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात तेरापूरजवळच्या लेण्यांचे आणि तेथील पार्श्वनाथांचे वर्णन येते. धाराशिव शहराजवळची लेणी तीच, असे अभ्यासक मानतात. हे काव्य डॉ. हिरालाल जैन यांनी संपादित केले आणि १९३४ साली ते कारंजा जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. हस्तलिखिते कोणीतरी पिढ्यान्‌पिढ्या बासनात बांधून ठेवली होती, म्हणूनच एका जिल्ह्याच्या लेण्यांची ही कथा आज वाचता येते.

देवालयातील ग्रंथांची ही काळजी दुकानातील वह्यांच्या वाट्याला मात्र आली नाही. मराठवाड्यातील जुन्या पेढ्यांच्या आणि आडत दुकानांच्या माळ्यावर रोजकीर्दी, खतावण्या, हुंड्या आणि पत्रव्यवहाराच्या नकला धूळ खात पडून असतात. त्यांतील पुष्कळसे लेखन मोडीत असल्याने घरातील तरुणांना ते वाचता येत नाही. वाडा पाडताना किंवा वाटणी होताना ही बाडे रद्दीत जातात. निजामी राजवटीत हाली सिक्का आणि कलदार रुपया यांचा हिशेब कसा जुळवला जाई, दुष्काळात ज्वारी कोणत्या दराने गेली, १९११ साली बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत पोहोचल्यावर मालाची वाट कशी बदलली, हे सांगणारे पुरावे अशा वह्यांतूनच मिळू शकतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत घरेच्या घरे गाडली गेली. जुन्या गावातील गल्ल्या, वाडे आणि दुकाने कोठे होती, हे आता वयस्कर मंडळींच्याच स्मरणात उरले आहे. ती मंडळी आहेत तोवरच ते टिपून घेता येईल.

वह्या दाखवण्यास कुटुंबे संकोचतात, त्यालाही सबळ कारण आहे. त्यांत इतरांची कर्जे, गहाणखते आणि जुने तंटे यांच्या नोंदी असतात. एखाद्याच्या आजोबांचे देणे आज चव्हाट्यावर यावे, हे कोणालाच रुचणार नाही. म्हणून वही जपावी, अभ्यासकाला दाखवावी. परंतु देणेकऱ्यांची नावे प्रसिद्ध न करण्याची अट आधीच लेखी घालावी. त्याच वहीत शेतकरी, कोष्टी, तेली, मोमीन अशा साऱ्यांचे व्यवहार असतात. त्यामुळे ती एका घराची असली तरी तिच्यातील इतिहास साऱ्या गावाचा असतो.

ज्येष्ठ शुद्ध पंचमीस, श्रुतपंचमीच्या दिवशी, ग्रंथ बाहेर काढून झाडण्याची आणि पूजण्याची प्रथा आहे. त्याच दिवशी घरातील जुन्या वह्याही उघडाव्यात. धूळ मऊ कुंचल्याने झाडावी. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन करू नये. सुती कापडाच्या बासनात बांधून त्या कोरड्या जागी ठेवाव्यात. दिवसाच्या उजेडात प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे आणि वही कोणत्या पेढीची, कोणत्या सालची, कोणाकडून आली, हे वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवावे. मोडी जाणणारी व्यक्ती शोधून निदान पहिली आणि शेवटची पाने वाचून घ्यावीत. शेतात वा टेकाडावर जुनी वस्तू आढळल्यास स्वतः खोदू नये, विकू नये. जागा लक्षात ठेवून प्रशासनास कळवावे. वस्तू कोठे सापडली हे हरवले, की तिचा निम्मा इतिहास हरवतो.

तगरच्या बाजारात कापड विकणाऱ्यांची नावे आज कोणालाही ठाऊक नाहीत. त्यांच्या हिशेबाची एकही वही उरलेली नाही. गेल्या शंभर वर्षांच्या व्यापाऱ्यांची नावे मात्र अजून माळ्यावर आहेत.