बोनस राहू द्या, आधी प्रत द्या

रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला असलेली कितीतरी पोरं शिरूरला खोली करून राहतात. शिफ्ट सुटली की लॅपटॉपवर गेम. पूर्वी सीडी आणायची, आता स्टीमसारख्या दुकानात यूपीआयने पैसे भरायचे. तिथे 'डिलक्स' आवृत्ती आधी पुढे केली जाते: थोडे जास्त भरा, गेमचं संगीत, चित्रांचं पुस्तक आणि नायकाला सोनेरी पोशाख घेऊन जा. मूळ गेमचा मात्र परवानाच मिळतो. ऑक्टोबर 2024 पासून स्टीम पैसे भरताना तसं सांगतंही.

यावर ठरलेलं उत्तर असं की सीडीसोबतही परवानाच मिळायचा. कागदावर, हो. पण दौंडच्या पोराने घेतलेली सीडी कंपनी बुडाली तरी चालायची, आणि कंटाळा आला की निम्म्या किमतीत मित्राच्या गळ्यात मारता यायची. युबिसॉफ्टने 31 मार्च 2024 ला 'द क्रू' या शर्यतीच्या गेमचे सर्व्हर बंद केले तेव्हा एकट्याने खेळणारेही अडकले. डिस्क घरात होती त्यांचीही गत तीच, कारण कुलूप सर्व्हरवर होतं.

सर्व्हर फुकट चालत नाही, हे मान्य. ज्या गेममध्ये सगळ्यांनी मिळूनच खेळायचं, तिथे हे कारण चालेल. एकट्याच्या शर्यतीला कशाला? पुढे त्याच कंपनीने 'द क्रू 2'साठी ऑफलाइन सोय जाहीर केली. म्हणजे करता येत होतं.

उरला निर्मात्यांच्या पोटाचा प्रश्न. 'राजी' हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्सने बनवला, 2020 साली तो बाजारात आला. असे कष्ट चोरीला जाऊ नयेत. पण ग्राहकाला प्रत दिली म्हणून निर्मात्याचा स्वामित्वहक्क जात नाही. सॉफ्टवेअरवरच्या कराच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 2 मार्च 2021 ला हाच फरक धरला: हक्क वेगळा, प्रत वेगळी. आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 तर कायदेशीर प्रतधारकाला सॉफ्टवेअरची राखीव प्रत ठेवू देतं. आणि चोराकडे कुलूप तोडलेलाच गेम असतो. कुलपाचा जाच पैसे मोजणाऱ्याला.

अशी प्रत देणारं दुकान चालतं का? पोलंडचं जीओजी 2008 पासून चालतंय. करारात तिथेही परवानाच, पण इन्स्टॉलर उतरवून आपल्या डिस्कवर ठेवता येतो, चालवायला नेट लागत नाही. बऱ्याच जुन्या गेमसोबत माहितीपुस्तिका, नकाशे, संगीत साध्या फायलींत येतं. बोनस म्हणायचा तर हा. सोनेरी पोशाख सर्व्हरसोबतच जातो. तालुक्याच्या गावात तर या इन्स्टॉलरची किंमत जास्त. रोज दीड जीबीच्या पॅकवर 60 जीबीचा गेम उतरायला 40 दिवस लागतात. एकदा पुण्यात चांगल्या वायफायवर उतरवावा, हार्डडिस्क पिशवीत टाकावी आणि डेमूने दौंडला यावं. लॅपटॉप फॉरमॅट झाला तरी परत 40 दिवस नकोत.

1 जानेवारी 2025 पासून लागू झालेल्या कॅलिफोर्नियाच्या कायद्यात, केवळ परवाना देत असाल तर तसं ठळकपणे सांगायचं बंधन आहे. कायमची ऑफलाइन प्रत देणाऱ्याला त्यातून सूट. आपल्याकडे ऑनलाइन फसव्या क्लृप्त्यांवर 30 नोव्हेंबर 2023 ची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांत ही अट जोडावी: बोनसची यादी ज्या पानावर, त्याच पानावर आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहा, की सर्व्हर बंद झाल्यावर ग्राहकाच्या हातात काय राहील.