जकात आणि आजारपण : गरज वर्षभराच्या नियोजनाची

रमजान निम्म्यावर आला की मुस्लिम घरांत जकातीचा हिशेब सुरू होतो. मराठी वाचकाला ‘जकात’ म्हटले की जुना जकात नाका आठवतो. शब्द तोच, मूळ अरबी; इस्लाममध्ये मात्र जकात ही नमाज-रोजाप्रमाणे फर्ज आहे. कर्ज वजा जाता साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीएवढी बचत ज्याच्याकडे वर्षभर राहिली, त्याने त्यातले अडीच टक्के गरिबांना द्यायचे. चार लाखांच्या बचतीवर दहा हजार रुपये. तो गरिबाचा हक्क आहे, देणाऱ्याचे उपकार नव्हेत.

हा हक्क कोणाचा, हे कुरआनच्या सूरह तौबाच्या 60व्या आयतीत सांगितले आहे. त्या आठ गटांत फकीर आणि मिस्कीन यांच्याबरोबर कर्जात बुडालेला माणूसही आहे. आज गावोगावी माणूस कर्जात बुडतो त्याचे एक मोठे कारण दवाखाना आहे. देशाच्या एकूण आरोग्य खर्चापैकी 2021-22 मध्ये 39.4 टक्के खर्च लोकांनी स्वतःच्या खिशातून केला, असे केंद्र सरकारचीच आकडेवारी सांगते.

पाथर्डी तालुक्यातील आपल्या तिसगावचे उदाहरण घ्या. ताप-खोकला गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात भागतो. हृदयविकार, मूत्रपिंड, कर्करोग म्हटले की अहिल्यानगर, नाही तर पुणे किंवा छत्रपती संभाजीनगर. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, अशी योजना उच्च न्यायालयाच्या आदेशाने 2006 पासून लागू आहे. मग घर का मोडते? रोगाचे निदान होण्याआधीच्या तपासण्या, गाडीभाडे, सोबतच्या माणसाचे जेवण, बुडालेली मजुरी आणि घरी आल्यावर महिनोन्‌महिने लागणारी औषधे, यांतले बरेचसे रुग्णालाच भरावे लागते. ऊसतोड मजूर, भंगार किंवा फळगाडीवाला इथेच सावकाराच्या दारात जातो. जकात नेमकी या जागी पोहोचली पाहिजे.

समाज एकत्र आला तर काय होते, हे इचलकरंजीने दाखवले. मे 2020 मध्ये, करोनाच्या काळात, तिथल्या मुस्लिम समाजाने जकात आणि दानाचे 36 लाख रुपये जमवून इंदिरा गांधी मेमोरियल या सरकारी रुग्णालयाला दहा खाटांचा अतिदक्षता विभाग दिला. त्याचे ऑनलाइन लोकार्पण तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी केले.

इथे एक शरई प्रश्न मात्र आहे. हनफी मतानुसार जकातीत ‘तमलीक’ हवी, म्हणजे ती रक्कम किंवा वस्तू गरिबाच्या मालकीची झाली पाहिजे. त्यामुळे इमारत, यंत्रे, पगार यांवर जकात खर्च करता येत नाही; त्यासाठी लिल्लाह आणि सदका आहे. रुग्णाच्या हाती पैसे देणे, त्याला औषधे घेऊन देणे किंवा त्याच्या लेखी संमतीने त्याचे बिल भरणे, यात अडचण नाही. मतभेद असेल तिथे आपल्या आलिमांना विचारावे.

दुसरी अडचण वेळेची. जकात रमजानमध्ये वाटली जाते, आजार बारा महिने येतो. दहा हजारांच्या शंभर-शंभरच्या नोटा करून दारावर आलेल्यांना दिल्या तर ईदनंतर त्या कोणाच्या उपयोगी पडल्या, हे सांगता येत नाही. बचत निसाबाएवढी असेल तर जकात आगाऊही देता येते. म्हणजे दरमहा थोडी थोडी देण्याची सोय शरियतमध्येच आहे.

तिसगावसारख्या गावात पन्नास घरांनी जकातीतले दोन-दोन हजार रुग्णांसाठी वेगळे काढले तर एक लाख होतात. मशिदीच्या जमातीने त्याचे वेगळे खाते ठेवावे आणि ती रक्कम वर्षाच्या आत हक्कदारांना द्यावी. दोन शिकलेल्या तरुणांनी रुग्णाबरोबर जाऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे, रेशनकार्ड-आधारची कागदपत्रे करावीत. आधी सरकारी योजना, उरलेल्या खर्चाला जकात. हिशेब दर सहा महिन्यांनी जुम्याला वाचून दाखवावा, रुग्णाचे नाव मात्र घेऊ नये. गरिबाची अब्रू राखणे हाही जकातीचा अदब आहे.

जकात बहुतेक उलेमांच्या मते मुस्लिम गरिबांसाठी आहे; सदक्याला ती अट नाही. शेजारचा हिंदू मजूर दवाखान्यात असेल तर जमातीच्या सदक्याच्या पेटीतून त्याची औषधे जावीत. शेजाऱ्याच्या हक्काबाबत पैगंबरांनी धर्म विचारलेला नाही.

ईदला अजून दिवस आहेत. हिशेब मांडताना कपडे, धान्य, मदरसा यांच्या जोडीला आपल्या गल्लीतल्या आजारी माणसाच्या नावे एक ओळ लिहावी.