मटक्याला आठवण नसते

कोयनानगरच्या माणसाचे आकड्यांशी वेगळेच नाते असते. रात्री मांडणीवरची भांडी वाजली की सकाळी पहिली चौकशी होते ती रिश्टरच्या आकड्याची. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपात इथली बहुतेक घरे पडली, पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली, आणि त्यानंतरही या खोऱ्यात धक्के येतच राहिले. ‘बरेच दिवसांत हलले नाही, आता मोठा बसणार’ हे वाक्य इथे आल्यागेल्याच्या कानावर पडतेच.

गेल्या खेपेस मी जवळपास हेच वाक्य ऐकले, पण ते भूकंपाबद्दल नव्हते. प्रकल्पातून निवृत्त झालेले एक गृहस्थ टपरीवर चहा घेता घेता खिशातली वही उघडून मला दाखवीत होते. रेघा आखून भरलेले रकाने, कल्याणचे ओपन आणि क्लोज. ‘‘साहेब, बारा दिवस झाले, सात आलेला नाही. किती दिवस थांबेल?’’ मी मान हलवली तेव्हा ते हसून म्हणाले, ‘‘तुमचे भूकंपवाले तरी दुसरे काय करतात? तेही मागचे आकडेच बघतात ना?’’

प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. त्याचे नीट उत्तर द्यायला हवे.

मटक्याचा जन्मच मुळी बाजारातल्या आकड्यांतून झाला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात उघडताना आणि बंद होताना जो भाव निघे, त्यावर मुंबईत पैजा लागत. १९६० च्या दशकाच्या आरंभी ते भाव येणे थांबले, तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढण्याची युक्ती निघाली. पुढे मडके गेले, पत्ते आले, नाव मात्र राहिले. कल्याणजी भगत आणि रतन खत्री ही दोन नावे गिरणगावात घरोघर माहीत झाली. खत्री २०२० साली वारले. गिरण्याही गेल्या, पण आकडा लावणे काही थांबले नाही. पूर्वी टपरीमागे लिहिली जाणारी चिठ्ठी आता मोबाइलवर पाठवली जाते, इतकेच.

आता भाव पाहा. शून्य ते नऊ असे दहा आकडे. त्यांतला एक लावावा आणि तो आला तर रुपयाला नऊ रुपये मिळावेत, हा रूढ दर. जोडी लागली तर रुपयाला नव्वद. जोड्या मात्र शंभर. म्हणजे खेळ अगदी सचोटीने चालला, कुणी पत्ता फिरवला नाही, तरी प्रत्येक रुपयामागे दहा पैसे खेळवणाऱ्याचे. गोव्यात मांडवीतल्या बोटींवर फिरणारे रूलेटचे चक्र यापुढे दयाळू म्हणायचे! एका शून्याच्या चक्रात सदतीस खण असतात आणि जिंकल्यास एकास पस्तीस मिळतात. तिथे रुपयामागे पावणेतीन पैसेच जातात.

पण वहीवाल्याला हा हिशेब सांगून उपयोग नसतो. त्याचे म्हणणे असते की, माझ्याकडे पद्धत आहे. आकडा येईपर्यंत सोडायचा नाही आणि बुडालेले भरून निघेल अशा बेताने रक्कम वाढवीत जायचे. या गृहस्थांची पद्धत मी कागदावर मांडून पाहिली. पहिल्या आठ वेळा दहा-दहा रुपये. मग चार वेळा वीस, चार वेळा चाळीस, पुढे ऐंशी, एकशेसाठ, असे दर चार वेळांनी दुप्पट. गंमत अशी की, आकडा केव्हाही आला तरी दहा रुपये तरी वर उरतातच. ओपन-क्लोज धरून सोळा दिवसांत बत्तीस वेळा लावता येते आणि तोवर ५,१२० रुपये ओतलेले असतात. समजा, पुढे लावायला पैसे नाहीत.

बत्तीस वेळांत ठरलेला आकडा एकदाही न येण्याची शक्यता शंभरात साडेतीनच्या आत आहे. म्हणजे असे शंभर डाव मांडले तर सुमारे सत्त्याण्णव वेळा आपले गृहस्थ जिंकतील! पद्धतीवर विश्वास बसतो तो इथे. त्या सगळ्या विजयांची बेरीज सरासरीने तेरा हजारांच्या आसपास येते. उरलेल्या तीन-चार वेळांत मात्र साडेसतरा हजार जातात. वजाबाकी साडेचार हजारांची आणि शंभर डावांत एकूण लावलेली रक्कम पंचेचाळीस हजारांच्या घरात. पुन्हा तेच, रुपयाला दहा पैसे. रक्कम कशीही चढवा, उतरवा. प्रत्येक वेळी लावलेला प्रत्येक रुपया त्याच तोट्याने लावलेला असतो. तोट्यांची कितीही बेरीज केली तरी नफा होत नाही. पद्धत करते ते एवढेच, की रोजचा किरकोळ तोटा साठवून तो एका दिवशी एकरकमी घेते.

राहिला बारा दिवसांचा सात. दहा आकड्यांतून चोवीस वेळा निवड झाली तर त्यांतला एखादा अजिबात न निघणे हे अगदी नेहमीचे आहे. पंचविसाव्या वेळीही सात येण्याची शक्यता दहात एक, पहिल्या दिवशी होती तेवढीच. मॉन्टे कार्लोत १९१३ साली रूलेटची गोळी लागोपाठ सव्वीस वेळा काळ्यावर पडली आणि ‘आता लाल येणारच’ म्हणणाऱ्यांनी खिसे रिकामे केले. गोळीला मागचे काही ठाऊक नव्हते.

आणि भूकंप? तिथे जमिनीला आठवण असते. खडकात ताण साठतो, धक्क्याने मोकळा होतो. शिवाजीसागर भरतो आणि उतरतो त्याचा धक्क्यांशी संबंध आहे, हे अनेक वर्षांच्या नोंदींतून दिसले आहे. म्हणून मागचे आकडे पाहण्यात अर्थ आहे आणि तरीही पुढचा धक्का अमुक दिवशी बसेल, असे कोणी शास्त्रज्ञ म्हणत नाही. मटक्याचा वहीवाला मात्र तारीखही सांगतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. कौशल्याचा खेळ आणि नशिबाचा खेळ या जुन्या भेदाची पळवाट त्यात ठेवलेली नाही, हे बरे झाले. परंतु मटक्यावर तर १८८७ च्या कायद्यापासून बंदीच आहे. आपण जुगार खेळतो असे ज्याला वाटतच नाही, अभ्यास करतो असे वाटते, त्याच्यापर्यंत हे कायदे कसे पोचणार? दहावीच्या पुस्तकात संभाव्यतेचा धडा असतो. त्यात नाणी उडतात, फासे पडतात, पण रुपयाला नऊचा भाव कुठे येत नाही.

गृहस्थांनी माझा कागद चष्मा लावून वाचला. बेरजा तपासल्या, एक चूक काढली, ती खरीच होती. मग वही उघडून म्हणाले, ‘‘बरोबर आहे तुमचे. चोवीस झाले. आज ओपनला तीनशेवीस लागतील.’’