कराचीची धर्मभगिनी आणि आपले आक्षेप

मिशनरी नन म्हटले की आपल्याकडे दोन चित्रे तयार असतात. एक निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीतले. त्यापुढे लोक हात जोडतात आणि विचार करायचे थांबतात. दुसऱ्या चित्रातल्या बाईच्या एका हातात औषध असते आणि दुसऱ्या हातात बाप्तिस्म्याचे पाणी. ते पाहून लोक संतापतात आणि तेही विचार करायचे थांबतात. परदेशी जाऊन, कुणाच्या नजरेत न भरता जन्म घालवणाऱ्या शेकडो बायका या दोन चित्रांच्या मधल्या जागेत हरवून गेल्या आहेत. त्यांच्यापैकी एकीचे आयुष्य समोर ठेवून आपले आक्षेप तपासावेत, असे मला फार दिवसांपासून वाटत होते. ही बाई म्हणजे कराचीच्या डॉ. रूथ फाऊ.

त्यांचा जन्म 9 सप्टेंबर 1929 चा, जर्मनीतल्या लाइपझिगचा. युद्धात बॉम्बहल्ल्याने घर गेले. पूर्व जर्मनीत सोव्हिएत अंमल आल्यावर 1948 मध्ये त्या सीमा ओलांडून पश्चिमेकडे आल्या आणि माइन्झ व मारबुर्ग येथे वैद्यक शिकल्या. छळछावणीतून वाचलेली एक डच बाई त्यांना त्या काळात भेटली. जिने सगळे भोगले होते तीच क्षमेविषयी बोलत होती, आणि ते रूथच्या मनातून गेले नाही. 1953 मध्ये त्या कॅथलिक झाल्या आणि 1957 मध्ये ‘डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी’ या संघात दाखल झाल्या.

या संघाची थोडी ओळख करून द्यायला हवी, कारण पुढचे बरेच त्यावर उभे आहे. फ्रेंच राज्यक्रांतीत मठ बंद पडत होते, व्रतस्थांना रस्त्यावर काढले जात होते. त्या वेळी, 1790 च्या सुमारास, आदेलाईद द सिसे आणि फादर क्लोरिव्हिएर यांनी हा संघ काढला. त्याला वेगळा झगा नाही आणि मठाच्या भिंतीही नाहीत. व्रते घ्यायची आणि लोकांत लोकांसारखे राहायचे. कराचीत फाऊ सलवार-कमीज घालून, डोक्यावरून ओढणी घेऊन वावरत. ओळखीची खूण अंगावर न बाळगता जगायचे हे त्यांनी व्रत घेतानाच स्वीकारले होते.

संघाने त्यांना पाठवले होते भारतात. 1960 मध्ये व्हिसाच्या अडचणीमुळे त्या कराचीत अडकल्या. तिथे मॅक्लिओड रोडजवळच्या कुष्ठरोग्यांच्या वस्तीत कुणीतरी त्यांना नेले. गटाराचे पाणी, उंदीर, आणि झोपेत उंदरांनी कुरतडले तरी ज्यांना कळत नाही असे हातपाय. त्यांच्याच वयाचा एक पठाण तरुण हातापायांवर रांगत दवाखान्यात आला. त्याचे रांगणे त्याला स्वतःला अगदी रीतसर वाटत होते, माणसाने असेच यायचे असते जणू. ही गोष्ट फाऊ आयुष्यभर सांगत राहिल्या. त्यांना हादरवले ते त्याच्या जखमांनी नाही; त्याने ती अवस्था आपली म्हणून मान्य केली होती, याने. त्या तिथेच राहिल्या.

आता आक्षेप.

पहिला आणि सर्वांत जुना: सेवा हे आमिष, धर्मांतर हा हेतू. हा आक्षेप हवेतून आलेला नाही. गोव्यात 1560 मध्ये धर्मन्यायासन आले आणि अडीच शतके राहिले; त्याच्या आठवणी कोकणातल्या कुळकथांत अजून आहेत. धाकाने किंवा लालचीने धर्म बदलायला लावणे हा माणसाचा अपमान आहे, आणि जिथे ते झाले तिथे त्याचा निषेध व्हायलाच हवा. पण आरोप सिद्ध करायचा असतो, गृहीत धरायचा नसतो. फाऊंचे रुग्ण आणि सहकारी बहुतांशी मुसलमान होते. सुरुवातीपासून त्यांच्या जोडीला उभ्या राहिलेल्या त्वचारोगतज्ज्ञ डॉ. झरीना फझलभॉय मुसलमान होत्या. 1979 मध्ये पाकिस्तान सरकारने फाऊंना कुष्ठरोगासाठी केंद्रीय सल्लागार नेमले. हे वर्ष लक्षात घ्या. झिया-उल-हक यांची राजवट होती, हुदूद कायदे त्याच वर्षी आले होते आणि राज्य इस्लामी करण्याची मोहीम जोरात होती. धर्मांतराचा नुसता वास आला असता तरी त्या सरकारने या बाईला पदावर बसवले नसते, पहिल्या विमानाने परत धाडले असते. 1988 मध्ये त्यांना नागरिकत्वही मिळाले. ज्यांना आक्षेप घ्यायचा आहे त्यांनी या पुराव्याला उत्तर द्यावे.

दुसरा आक्षेप अधिक सुशिक्षित आहे. गोऱ्या बाईने येऊन काळ्या-सावळ्या गरिबांचा उद्धार करायचा, ही वसाहतवादाचीच उरलेली सावली, असे तो म्हणतो. यात तथ्य असलेली उदाहरणे मलाही देता येतील. परंतु याची कसोटी कातडीच्या रंगावर लावून चालणार नाही. परका माणूस गेल्यावर मागे काय उरते, काम कुणाच्या हातात उरते, हे पाहिले पाहिजे.

कुष्ठरोग हा दवाखान्यात बसून बरा करायचा आजार नाही. जंतू मज्जातंतूंवर घाला घालतो, संवेदना जाते, हात चुलीवर भाजला तरी कळत नाही. बोटे झडतात ती बरीचशी अशा न कळलेल्या जखमांनी. तोवर उशीर झालेला असतो. म्हणून रोगी येण्याची वाट न पाहता घरोघर जाऊन, अंगावरचा बधिर चट्टा शोधून, घरातल्या सगळ्यांना तपासून, नंतर महिनोन्‌महिने, एके काळी तर वर्षानुवर्षे, गोळ्या पोटात जातात की नाही हे बघावे लागते. आपल्याकडे वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानात डॉ. वर्देकरांनी 1950 च्या दशकात सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी हीच पद्धत बसवली होती. एक डॉक्टर, मग ती कितीही त्यागी असो, हे काम करू शकत नाही. त्याला गावोगावची पायपीट करणारी, तिथली भाषा बोलणारी माणसे लागतात.

फाऊंनी 1961 मध्ये भारतात येऊन वेल्लूरला कुष्ठरोगाचे शिक्षण घेतले आणि परत गेल्यावर स्थानिक तरुणांना कुष्ठतंत्रज्ञ म्हणून तयार करायला घेतले. बलुचिस्तानच्या वाळवंटात, सिंधच्या खेड्यांत, गिलगिटच्या दऱ्यांत ही मुले गेली; त्याही जीपने, घोड्यावरून, पायी जात राहिल्या. देशभर 157 केंद्रे उभी राहिली. ती चालवली पाकिस्तानी माणसांनी. मूळ दवाखानाही आपण काढला असे फाऊंनी भासवले नाही. तो 1956 मध्ये त्यांच्याच संघातल्या मेक्सिकन बेरेनिस व्हार्गास यांनी सुरू केला होता, आणि त्याला नाव आहे मारी आदेलाईद यांचे, म्हणजे संघाच्या संस्थापिकेचे. आपल्या नावाची पाटी न लावता साठ वर्षांच्या आत देशव्यापी यंत्रणा उभी करून ती दुसऱ्यांच्या हाती सोपवणे, याला मी नम्रता म्हणतो. मान खाली घालून बसण्याशी तिचा संबंध नाही. फाऊ मंत्र्यांशी भांडत, अधिकाऱ्यांच्या दारात बसून राहत.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो गरिबाच्या बाजूने उभा राहून घेतला जातो. धर्मादाय काम दुःखाला मलम लावते, दुःखाचे कारण तसेच ठेवते, आणि सरकारला मोकळे सोडते. मदर तेरेसांवर ख्रिस्तोफर हिचन्स यांनी 1995 च्या पुस्तकात जो हल्ला केला त्याचा गाभा हा होता: दारिद्र्याचे कौतुक, वेदनेचे पावित्र्य, उपचाराची हेळसांड. हिचन्स यांच्या भाषेशी माझे जमत नाही, पण प्रश्न योग्य आहे. मरणाऱ्याचा हात धरणे आणि मरण टाळता येत असताना फक्त हात धरणे, यांत फरक आहेच.

पण हेच माप फाऊंच्या कामाला लावा. 1968 मध्ये सरकारच्या सहभागाने राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. सरकारला मोकळे सोडणे दूरच, त्यांनी सरकारला कामाला जुंपले. 1996 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पाकिस्तानात कुष्ठरोग आटोक्यात आल्याचे जाहीर केले. आशियात हा टप्पा आधी गाठणाऱ्या देशांत तो होता. दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण ही राष्ट्रीय पातळी भारताने 2005 च्या अखेरीस गाठली. दोन देशांच्या आकारांत फार अंतर आहे, तेव्हा ही तुलना कुणाला हिणवायला वापरू नये. आनंदवन, तपोवन, दत्तपूर ज्या मातीत उभे राहिले त्या महाराष्ट्राला या रोगाविषयी कुणाकडून धडे घेण्याची गरज नाही. तरीही एक गोष्ट आपण स्वतःला विचारावी. जोडीदाराचा कुष्ठरोग हे आपल्या विवाहकायद्यांत घटस्फोटाचे कारण होते आणि ते 2019 मध्ये काढले गेले. रोग औषधाने बरा होऊ लागून तोवर दशके उलटली होती. संरचनेविषयी बोलणाऱ्या आम्हा लोकांनाही ही ओळ खोडायला इतकी वर्षे लागली.

शत्रूंचे झाले. आता चाहत्यांकडे वळतो, कारण त्यांची चूक मला जास्त सलते. फाऊ वारल्यावर अनेकांनी लिहिले की त्या धर्माच्या पलीकडच्या होत्या, मानवता हाच त्यांचा धर्म होता. हेतू चांगला असेल, पण हे त्यांचे आयुष्य त्यांच्याकडून काढून घेणे आहे. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते त्यांनी घेतली आणि शेवटपर्यंत पाळली. लग्न करणार होत्या असा एक काळ होता. तो सोडून त्या संघात गेल्या. स्वतःचे असे काही साठवायचे नाही ही सवय, रोज पहाटेची प्रार्थना, ज्याला सगळ्यांनी टाकले त्याच्यात ख्रिस्त भेटतो ही श्रद्धा, हे सगळे काढून टाकले तर मॅक्लिओड रोडच्या त्या चिखलात सत्तावन्न वर्षे कुणी कशाच्या जोरावर राहील? आपण तुकोबांच्या अभंगांतून विठ्ठल काढून उरलेल्याला ‘मानवता’ म्हणत नाही. मग एका कॅथलिक बाईच्या आयुष्यातून येशू काढून टाकण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? दुसऱ्याच्या श्रद्धेचा आदर करणे म्हणजे ती त्याची आहे हे मान्य करणे. ती आपल्याला पटली पाहिजे असे नाही. मला ती पूर्णपणे पटत नाही. पण तिने काय घडवले ते मी नाकारू शकत नाही.

आणि आज्ञापालनाचा मुद्दा. व्रतस्थ स्त्री म्हणजे स्वतःची इच्छा नसलेली बाई, असे अनेक पुरोगामी मित्र म्हणतात. भारतात पाठवलेली ही बाई कराचीत थांबली, वस्तीतला दवाखाना 1963 मध्ये रुग्णालयाच्या इमारतीत हलवला, डोंगराळ मुलखात एकटी हिंडली, युद्ध पेटलेल्या अफगाणिस्तानातही गेली. यात इच्छाशक्ती कमी पडली असे कुणाला दिसत असेल तर मला दिसत नाही.

10 ऑगस्ट 2017 रोजी, वयाच्या सत्याऐंशीव्या वर्षी, त्या कराचीत वारल्या. 19 ऑगस्टला पाकिस्तानने त्यांना शासकीय इतमामात निरोप दिला. शवपेटीवर राष्ट्रध्वज होता आणि राष्ट्राध्यक्ष उपस्थित होते. सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रलमध्ये नेण्याआधी ती शवपेटी कुष्ठरोग केंद्रात नेली गेली. त्यांना गोरा कब्रस्तानात पुरले आहे.