पाटीवरचा आकडा

जावई होड्यांच्या यार्डात मॅनेजर आहे, एवढंच आमच्या सासूबाईंना माहीत होतं. सिल्वासाजवळच्या सुरंगीला पहिल्यांदा आल्या आणि गाडीतून उतरताच त्यांनी विचारलं, "समुद्र यल्लि ऐत्री?" समुद्र कुठला! दमणगंगा आहे, ती दमणला जाऊन समुद्राला मिळते. आमच्या होड्या मात्र ट्रेलरवर बसून वापीमार्गे हायवेनं जायच्या. गावाचं नाव सुरंगी, म्हणजे आपल्या कन्नडातली सुरगी, सुकली तरी वास न सोडणारी. आमच्या शेडमध्ये वास एकच, रेझिनचा. तो कपड्यांतूनही जायचा नाही. (सासूबाई दोन दिवसांत परत निघाल्या, त्याचं खरं कारण हेच असावं.)

होडी फायबरची. साच्याला मेण, त्यावर जेलकोट, मग काचेच्या धाग्याची मॅट आणि रेझिन, पुन्हा मॅट, पुन्हा रेझिन. रेझिनमध्ये हार्डनर घालायचं शेकडा एक ते दोन. जास्त झालं तर बादलीतच दगड, कमी झालं तर होडी चिकट ती चिकटच. हार्डनर आणि कोबाल्ट एका कपाटात ठेवायचे नाहीत. थेट एकत्र आले तर भडका. स्टोअरची किल्ली माझ्याकडे, त्यामुळं रात्री जाग आली की पहिला विचार त्या कपाटांचा.

पावसाळ्यात तर हालच. मॅट ओल धरते, आणि ओल्या मॅटचे थर एकमेकांना धरत नाहीत. त्यातच जुलैत वारली आणि कोकणा पोरं भातलावणीला घरी जायची. अर्ज नाही, निरोप नाही. सोमवारी शेडमध्ये मी आणि वॉचमन. पहिल्या वर्षी फार चिडलो. मग आठवलं, तंबाखूच्या हंगामात आमच्या निपाणीकडं तरी माणूस कुठं मिळतो? तेव्हापासून पावसाळ्यातल्या तारखा गिऱ्हाइकाला देणंच सोडलं. शेठना ते कधी पटलं नाही.

२०१९ च्या ऑगस्टात पहिल्या आठवड्यातच एका गिऱ्हाइकाचा फोन आला. पुरासाठी दोन होड्या हव्यात, चार दिवसांत. दोन होड्या साच्यातून निघाल्या होत्या, पण रेझिन पुरतं घट्ट झालं नव्हतं, पाण्यातली चाचणीही बाकी होती. आम्ही माणशी ७५ किलो धरून वाळूची पोती भरायचो आणि होडी किती बसते ते बघायचो. त्या मापानं ही होडी आठ जणांची. गिऱ्हाइकाला पाटीवर बारा हवे होते.

मी नाही म्हणालो. शेठ म्हणाले, "तुमच्याच मुलखात लोक छपरावर बसलेत ना?" खरं होतं. वेदगंगेचं पाणी आमच्या गल्लीत आलं होतं. आमचे दादा काहिलीत बसून, हो, गुळाच्या काहिलीत, शेजारच्या म्हातारीला बाहेर काढून आले होते. जो हायवे वापीवरून जातो तोच पुढं निपाणीवरून जातो, हे रोज नकाशात बघत होतो. शिरोलीजवळ तो पाण्याखाली होता, तरी मनात यायचं, एक ट्रेलर निघाला असता तर?

८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळची होडी उलटली. १७ जण गेले. क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती, असं बातम्यांत आलं. ती होडी आमची नव्हती. तरी शेडमध्ये दिवसभर कोणी मोठ्यानं बोललं नाही. मी बरोबर ठरलो, असं कोणाला वाटलं असेल तर असो. मला तसं वाटलं नाही. किनाऱ्यावर पाणी चढताना बघत उभ्या असलेल्या माणसाला कोण म्हणणार, तू नववा, मागं थांब?

ऑर्डर दुसरीकडं गेली. त्या महिन्यात पोरांना ओव्हरटाइम मिळाला नाही, आणि दिवाळीची उचल मागताना एकानं ते मला ऐकवलंही. मी ऐकून घेतलं.

आता निवृत्त होऊन निपाणीत आहे. पावसाळा तोंडावर आला की दादांचा विषय ठरलेला, गावासाठी वर्गणी काढून एक होडी घेऊया. परवा विचारत होते, "आठ जणांची म्हणजे खरी किती जणांची?"

"आठ," मी म्हणालो.

दादा हसले. "मग दोन घेऊया," म्हणाले, आणि वहीत वर्गणीचा आकडा खोडून दुप्पट केला.